मोटारीतला रेडिओ आणि खिशातले गाणे

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा आणि सिलचरहून पोरबंदरकडे जाणारा असे भारतातील दोन महामार्ग-पट्टे झाशी येथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे झाशीकराच्या आयुष्यात मोटारीच्या प्रवासाला मोठे स्थान आहे. ग्वाल्हेर येथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. ओर्छा आणि दतिया तर त्याहूनही जवळ आहेत. नारो शंकर १७४२ मध्ये येथे आल्यापासून झाशीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. घरात मराठी बोलणाऱ्या अशा कुटुंबाने प्रवासात मोटारीतला रेडिओ लावला, तर त्याला जे ऐकू येते ते स्वाभाविकच हिंदी किंवा बुंदेली असते. नाट्यपद, भावगीत किंवा कीर्तन ऐकायचे असेल, तर ते घरून बरोबर न्यावे लागते. एके काळी ते कॅसेटमधून नेले जाई. आज ते खिशातल्या लहानशा यंत्रात सामावलेले असते. प्रश्न एवढाच उरतो की, खिशातले हे गाणे मोटारीच्या ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचवायचे कसे?

हा प्रश्न मुळात उद्भवतो तो दोन वस्तूंच्या आयुर्मानातील अंतरामुळे. मोटार दहा-पंधरा वर्षे सहज चालते आणि कारखान्यात बसवलेला रेडिओ-संच तिच्याबरोबरच म्हातारा होतो. गाणी वाजवणारी खिशातली यंत्रे मात्र झपाट्याने बदलत गेली. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीसाठी विकण्याजोगा रेडिओ १९३० मध्ये तयार केला. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ मध्ये आली. सोनीचा वॉकमन जुलै १९७९ मध्ये जपानात विक्रीस आला आणि संगीत प्रथमच माणसाच्या कमरेला लटकून फिरू लागले. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला, आणि पुढे तेच काम मोबाइल फोनने आपल्याकडे घेतले. यांपैकी कोणत्या टप्प्यावर मोटार तयार झाली, यावर तिच्या संचाला बाहेरचा ध्वनी स्वीकारण्याची किती दारे आहेत हे अवलंबून असते.

म्हणून सर्वप्रथम संचाची दर्शनी पट्टी नीट पाहावी. त्यावर तारेसाठी गोल छिद्र आहे काय, यूएसबीची चपटी खाच आहे काय, कॅसेटचे तोंड आहे काय, की केवळ रेडिओच आहे? या चार प्रश्नांच्या उत्तरांतच पुढचा सर्व मार्ग सामावलेला आहे.

तारेची वाट

संचावर ‘ऑक्स’ अशी खूण असलेले गोल छिद्र असेल, तर काम सर्वांत सोपे. या छिद्रात साडेतीन मिलिमीटर व्यासाची पिन बसते. पिनेकडे बारकाईने पाहिले, तर काळ्या कड्यांनी वेगळे केलेले तिचे तीन भाग दिसतात. टोकाच्या भागातून डाव्या बाजूचा संकेत जातो, मधल्या कड्यातून उजव्या बाजूचा, आणि मुळाशी असलेला भाग दोघांनाही समाईक असतो. दोन्ही टोकांना अशी पिन असलेली तार यंत्र आणि संच यांच्यामध्ये जोडली की जोडणी पुरी झाली.

तरीही अनेकांची तक्रार असते की, आवाज एक तर खरखरीत येतो, नाही तर फाटतो. याचे कारण आवाजाच्या दोन नियंत्रकांत आहे. एक यंत्रावर असतो, दुसरा संचावर. यंत्राचा आवाज फार कमी ठेवून संचाचा वाढवला, तर संचातील वर्धक संकेताबरोबर तारेतली खरखरही वाढवतो. उलट यंत्राचा आवाज अगदी शेवटपर्यंत नेला, तर संकेत वर्धकाच्या मर्यादेबाहेर जाऊन त्याचे माथे छाटले जाते आणि आवाज फाटतो. यंत्र सुमारे तीनचतुर्थांशावर ठेवून बाकीचे काम संचाच्या बटणाने करावे, हा यातील व्यवहार्य मध्य होय. २०१६ नंतर अनेक फोनांतून हे गोल छिद्रच नाहीसे झाले. अशा फोनला एक लहान जोडतुकडा लावावा लागतो.

यूएसबीची खाच दिसायला तारेच्या छिद्रासारखेच दुसरे दार वाटते, परंतु तिचे कार्य निराळे आहे. येथून ध्वनीचा विद्युत्‌संकेत जात नाही, तर अंकांच्या रूपातील मूळ माहिती जाते आणि तिचा ध्वनी करण्याचे काम संच स्वतः करतो. म्हणून ज्या प्रकारच्या फायली संचाला वाचता येतात, त्याच तो वाजवतो. काही मोटारींतील ही खाच केवळ बॅटरी भरण्यापुरती असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कॅसेटच्या तोंडातून

ज्या मोटारीत केवळ कॅसेट आहे, तिच्यासाठी एक अत्यंत चतुर युक्ती उपलब्ध आहे. कॅसेटच्याच आकाराची एक डबी मिळते, तिच्यात फीत नसते आणि तिच्या कडेतून एक तार बाहेर आलेली असते. खऱ्या कॅसेटमध्ये फितीवरील चुंबकीय खुणा संचातील वाचक-शीर्षासमोरून सरकतात आणि त्यामुळे शीर्षात क्षीण विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. त्याचा दाब एका मिलिव्होल्टहूनही कमी असतो. डबीत फितीच्या जागी एक छोटे चुंबकीय शीर्ष बसवलेले असते. यंत्रातून आलेला संकेत या शीर्षात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि समोरच्या वाचक-शीर्षाला फीतच फिरत असल्याचा भास होतो. डबीतील दातेरी चाके केवळ फिरण्यासाठी असतात. फिरकी थांबली तर फीत संपली असे समजून संच डबी बाहेर टाकतो, म्हणून ती फिरती ठेवावी लागते.

या पद्धतीत दोष उद्भवले, तर ते बहुधा शीर्षाशी संबंधित असतात. आवाज दबलेला, तीक्ष्ण स्वर हरवलेले असे वाटले, तर शीर्षावर जुन्या फितींचा तपकिरी थर साचलेला असतो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो हलक्या हाताने पुसावा. केवळ एकाच बाजूने आवाज येत असेल, तर दोन्ही शीर्षे एकमेकांसमोर नीट आलेली नाहीत असे समजावे. डबी काढून पुन्हा बसवल्याने पुष्कळदा हा दोष दूर होतो.

हवेतून

केवळ रेडिओ असलेल्या संचाला बाहेरचा आवाज स्वीकारण्याचे एकच दार असते, ते म्हणजे अँटेना. सिगारेट पेटवण्याच्या खाचेत बसणारे एफ. एम. प्रक्षेपक या दाराचा उपयोग करतात. हे यंत्र म्हणजे एक अतिशय दुर्बळ आकाशवाणी केंद्रच असते. त्याचे प्रसारण जेमतेम मोटारीपुरते पोहोचते. प्रक्षेपक आणि रेडिओ एकाच कंप्रतेवर लावले की खिशातले गाणे रेडिओतून ऐकू येते. मात्र संचात एफ. एम. पट्टा असणे आवश्यक आहे. भारतात पहिले एफ. एम. प्रसारण १९७७ मध्ये मद्रास येथे सुरू झाले आणि ते देशभर पसरण्यास बराच काळ लागला. त्यामुळे जुन्या मोटारींतील केवळ मध्यमलहरी पकडणाऱ्या रेडिओला हा मार्ग बंद आहे.

कंप्रतेची निवड हाच या पद्धतीचा प्राण होय. एफ. एम. ग्राहकाचा एक गुणधर्म असा की, एकाच कंप्रतेवर दोन संकेत आले तर तो प्रबळ संकेत उचलतो आणि दुर्बळाला जवळजवळ पूर्णपणे दाबून टाकतो. मोठे केंद्र आणि हे चिमुकले यंत्र यांच्या झुंजीत यंत्राचा पराभव ठरलेलाच असतो. म्हणून प्रक्षेपक बंद ठेवून ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातून सावकाश फिरावे, आणि जेथे केवळ एकसारखी सळसळ ऐकू येते व जिच्या दोन्ही बाजूही रिकाम्या आहेत, अशी जागा निवडावी.

झाशीहून ग्वाल्हेरला निघालेल्या प्रवाशाला याचा प्रत्यय येतो. झाशीत रिकामी असलेली जागा ग्वाल्हेरजवळ रिकामी असेलच असे नाही, कारण तेथील केंद्रे निराळ्या कंप्रतांवर आहेत. दतियापर्यंत स्वच्छ ऐकू येणारे पद पुढे अधूनमधून तुटू लागते आणि त्यात एखादी जाहिरात मिसळते, तेव्हा यंत्र बिघडलेले नसते, तर वाटेत शेजारी बदललेला असतो. दोन्ही शहरांत मोकळ्या असलेल्या जागा आधीच हेरून ठेवल्या तर ही अडचण टळते. यावर उपाय म्हणून प्रक्षेपकाची शक्ती वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. हवेतील कंप्रता ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा वापर कायद्याने नियंत्रित आहे आणि शेजारच्या मोटारीतील श्रोत्यालाही त्याचे केंद्र ऐकण्याचा हक्क आहे. शिवाय एफ. एम. स्टिरिओ प्रसारणात सुमारे पंधरा हजार हर्ट्‌झच्या वरचे ध्वनी सामावत नाहीत. म्हणून तारेची सोय असताना हा मार्ग दुय्यमच समजावा.

ब्ल्यूटूथ हाही हवेतलाच मार्ग आहे, परंतु तो रेडिओच्या पट्ट्यात शिरत नाही. त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असतात. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅरल्ड याच्या टोपणनावावरून हे नाव पडले. संचात ही सोय नसेल पण ‘ऑक्स’चे छिद्र असेल, तर त्यात बसणारा एक लहान ग्राहक मिळतो. फोन त्याच्याशी बिनतारी बोलतो आणि तो तारेने संचाशी बोलतो.

संचाच्या पाठीमागे

वरीलपैकी एकही दार नसेल, तर कारागीर संच बाहेर काढून त्याच्या पाठीमागे जोडणी करून देतात. काही कारखानी संचांना सीडी बदलणाऱ्या यंत्रासाठी एक खाच दिलेली असते. संचासाठीच बनवलेला योग्य जोडतुकडा मिळाला, तर त्या खाचेतून बाहेरचा संकेत आत घेता येतो. तसे नसल्यास नवा संच बसवणेच शहाणपणाचे.

येथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. पहिली, काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. मात्र काही संच वीज तुटल्यावर सांकेतिक अंक मागतात, म्हणून ते अंक आधी शोधून ठेवावेत. दुसरी, मोटारीच्या मूळ तारा तोडू नयेत. त्या संचासाठी असलेला जोडतुकडा वापरावा. नव्या संचांच्या तारांत सामान्यतः पिवळी तार सतत वीज देणारी, तांबडी किल्ली फिरवल्यावर वीज देणारी आणि काळी जमिनीची असते. परंतु कारखान्याच्या मूळ तारांचे रंग निराळे असू शकतात, म्हणून मीटरने खात्री केल्याविना काहीही जोडू नये. फ्यूज वगळून जोडलेली तार घासून उघडी पडली, तर तिच्यातून आग लागू शकते. तिसरी, यंत्राची तार कधीही ध्वनिक्षेपकाच्या तारांना जोडू नये. बहुतेक आधुनिक संचांत ध्वनिक्षेपकाच्या दोन्ही तारांवर सुमारे सहा-सात व्होल्टचा स्थिर दाब असतो; तो खिशातल्या नाजूक यंत्राला सोसवत नाही.

सर्व जोडणी बरोबर असूनही कधी कधी इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शीळ ऐकू येते. यंत्र मोटारीच्या विजेवर भरत असताना तेच यंत्र तारेने संचालाही जोडलेले असते. त्यामुळे जमिनीचे दोन मार्ग मिळून एक वर्तुळ तयार होते आणि विद्युत्‌जनित्राचा गोंगाट त्या वाटेने आत शिरतो. परीक्षा सोपी आहे. भरण्याची तार काढावी. शीळ थांबली तर निदान पक्के झाले. एक तर यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालवावे, नाही तर दोन्ही बाजूंचा विद्युत्‌संबंध तोडून केवळ ध्वनी पलीकडे नेणारा लहान रोहित्र तारेत बसवावा.

ऊन, लक्ष आणि जुन्या फिती

मे-जूनमध्ये झाशीचे तापमान ४५ अंशांच्याही वर जाते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीच्या आत ते याहून कितीतरी अधिक असते. लिथियमची बॅटरी असलेले यंत्र अशा मोटारीत ठेवून जाणे धोक्याचे आहे. मोटार सोडताना ते बरोबर न्यावे. त्याचप्रमाणे गाण्यांची निवड निघण्यापूर्वीच करावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना संपर्काचे यंत्र हातात धरून वापरणे हा अपराध आहे; पण कायदा नसता तरीही, महामार्गावर दोन सेकंद खाली गेलेली नजर मोटारीला पन्नास मीटर आंधळी धावू देते.

शेवटी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. कॅसेटचा संच टाकून नवा बसवताना अनेक घरांत कॅसेटींची पेटीही टाकून दिली जाते. तिच्यातील चित्रपटगीते अन्यत्र मिळतील. परंतु घरच्या गणेशोत्सवात झालेले कीर्तन किंवा आजीने म्हटलेल्या ओव्या दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत. चुंबकीय फीत काळाबरोबर क्षीण होते, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. ज्या साडेतीन मिलिमीटरच्या तारेने खिशातले गाणे मोटारीत जाते, तीच तार उलट्या दिशेने उपयोगी पडते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून ती संगणकाच्या ध्वनी स्वीकारणाऱ्या छिद्रात लावली आणि फीत एकदा पूर्ण वाजवली की तिची प्रत तयार होते. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा तेथील मोठ्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. तो नाश टाळणे त्या वेळी कोणाच्या हाती नव्हते. कॅसेटींची पेटी मात्र आज घरातल्या माणसांच्या हाती आहे. तिच्यातील आवाज एका दुपारच्या श्रमाने वाचवता येतात आणि मग ग्वाल्हेरच्या रस्त्यावर पुन्हा ऐकताही येतात.