टाकसाळीची चूक की नंतरचा घाव? हाली रुपयाची साक्ष

नांदेड आणि लातूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे इथल्या जुन्या घरांतून निघतो तो निजामाचा हाली रुपया. वाकडा छाप, अर्धवट अक्षरे किंवा तुटका काठ दिसला, की हल्ली तो 'टाकसाळीची चूक' म्हणून चढ्या भावाने विकायला काढतात. नाणे विचित्र दिसते, एवढ्यावर काहीच ठरत नाही. धातू केव्हा हलला, हा खरा प्रश्न. ठशाखाली हलला असेल तर चूक टाकसाळीची. नाणे बाहेर पडल्यावर हलला असेल तर तो निव्वळ घाव. हे ओळखायचे तर ते नाणे कसे पाडले गेले, हे आधी कळायला हवे. एकोणिसाव्या शतकातला हाली रुपया बहुतेक काळ हाताने, हातोड्याच्या घावाखाली पडत असे. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जाणारच. दोन्ही बाजूंचे छाप एकमेकांशी जुळत नाहीत, तेही स्वाभाविकच. मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईचेही तेच. जिथे सरकलेला छाप हाच नियम, तिथे त्याला चूक म्हणून जादा पैसे मोजणे भोळेपणाचे आहे. हैदराबादी नाण्यावरचा 92 हा आकडाही चुकून पडलेले साल नव्हे. अब्जद गणनेने, म्हणजे अरबी अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या पद्धतीने, 'मुहम्मद' या नावाची ती बेरीज आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेला चारमिनार छापाचा रुपया आला आणि मोजमाप बदलले. वजन सुमारे 11.18 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के, काठाला एकसारखे दाते. इथे मात्र सरकलेला छाप खरोखर दुर्मिळ आणि म्हणूनच बोलका. चारमिनारच्या कमानीत मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर 'मीम' आणि 1911 मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर 'ऐन' हे अक्षर आहे. सुरुवातीच्या रुपयांवर ऐन अर्धा, पुढे पूर्ण. हा ठशातला बदल आहे, चूक नाही. कमानीतले अक्षर नाहीसेच झाले असेल, तर भिंग लावून शेजारचे मिनार पाहावेत. तेही गुळगुळीत असतील तर ती वापराची झीज. मिनारांचे बारकावे धारदार असून फक्त अक्षर पुसट असेल, तर ठशात तेल-मळ साचल्याचा संशय रास्त ठरतो. रेघेचेही तसेच: ठशाला तडा गेला तर नाण्यावर रेघ उंच उठते, ओरखडा मात्र खोल जातो.

मराठवाड्यात घावांचे सर्वांत मोठे कारण दागिना. बंजारा तांड्यांवर आणि शेतकरी घरांतही रुपये माळेत ओवले गेले. भोक पाडताना एका बाजूला धातूची कड उठते, जवळची अक्षरे भोकाकडे दबतात. काहींना काठावर कडी डाखलेली असे; ती काढून टाकली तरी डाखाचा राखाडी डाग आणि कानशीच्या समांतर रेघा काठावर उरतात. निजामाची भोकाची दोन पै किंवा ब्रिटिशांचा 1943 ते 1947 चा भोकाचा पैसा यांत भोक मूळ नक्षीचाच भाग आहे, त्याच्याशी याची गल्लत नको. सराफाने चांदी पारखायला मारलेली खूणही घावच; इतिहास म्हणून ती मोलाची, चूक म्हणून नव्हे. चूक भासवण्यासाठी शिकंज्यात दोन नाणी दाबून उलटा छाप उमटवणाऱ्यांचे बिंग मागच्या बाजूने फुटते, कारण तिथली नक्षी चेपलेली असते.

यावर हरकत येईल की झिजलेल्या नाण्यात उंच आणि खोल यांतला फरक उरतोच कुठे? काही वेळा उरत नाही, हे मान्य. अशा वेळी नाणे 'अनिर्णित' म्हणावे. शंकेचा फायदा विक्रेत्याला देण्याचे कारण नाही. दुसरी हरकत: 'असे दुसरे नाणे नाही, म्हणजे चूकच.' युक्तिवाद उलटा आहे. यंत्राचा बिघाड ठरावीक रीतीने होतो, म्हणून त्याचे भाईबंद सापडतात. हातोड्याचा किंवा नांगराच्या फाळाचा घाव मात्र दरवेळी वेगळा, म्हणून एकमेव नाण्याबद्दल संशय जास्तच हवा. तुटक्या काठाचेही तसेच. चकती कापतानाच कमी पडली असेल, तर तुटीच्या बरोबर समोरचा काठ बहुधा अशक्त उमटतो. नंतर कापलेल्या नाण्यात समोरचे दाते शाबूत राहतात आणि कापलेली कड सपाट दिसते.

तेव्हा चारमिनारचा रुपया 'चुकीचा' म्हणून कोणी पुढे केला, तर आधी वजन करा, मग भिंगाखाली काठ फिरवून पाहा, आणि चिंच-राखेने घासायचा मोह टाळा. घासले की पुरावाही धुऊन निघतो.