पत्र पोचले, पोच आली नाही

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती एनआयसी या सरकारी संस्थेकडून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याची बातमी ऑक्टोबर २०२५मध्ये झळकली. कंत्राट २०२३चे, मुदत सात वर्षांची. चर्चा रंगली ती स्वदेशीची. पत्ते तेच राहिले. पण पत्त्यामागचा वर्षानुवर्षांचा साठा हलवतात कसा, हे कोणी फारसे विचारले नाही.

हीच अडचण छोट्या आकारात पाहू. समजा, गोदावरीकाठच्या शहागडमधल्या एखाद्या पतसंस्थेला कार्यालयातल्या संगणकावर साठलेली दहा वर्षांची मेल नव्या सेवेत चढवायची आहे. हे काम एपीआयमार्फत चालते. एपीआय म्हणजे दोन संगणकांनी आपसात बोलण्याची ठरलेली रीत. इकडून विनंती जाते, ‘हे पत्र ठेवून घ्या’. तिकडून उत्तर येते, ‘ठेवले, हा त्याचा क्रमांक’. हजारो पत्रे अशी सुरळीत जातात. मग एखादे अडकते, आणि बहुतेक वेळा कारण दोहोंपैकी एक असते: पत्र जड आहे, किंवा वेळ संपली.

जडपणाची गंमत अशी की पत्र वाटेत फुगते. ई-मेलचे मूळ नियम साध्या इंग्रजी मजकुरापुरते होते. चित्रे, फाइली, इतर लिप्या यांची सोय १९९२च्या ‘माइम’ या मानकाने केली, तीही जुना नियम न मोडता. त्यातल्या बेस-६४ या पद्धतीत दर तीन बाइटच्या जागी चार साधी रोमन अक्षरे किंवा आकडे लिहायचे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत ‘श’ला तीन बाइट लागतात, त्याचे होते ‘४, के, एस, २’. ‘शहागड’मध्ये काना धरून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट, प्रवासात त्यांची २० अक्षरे होतात आणि दर चौकडीची सुरुवात ‘४, के, एस’ने. मराठी मेल कच्च्या रूपात उघडली, तर अनेकदा ही तीन अक्षरे पानभर दिसतात.

लेखापरीक्षणाचे १९ एमबीचे स्कॅन त्यामुळे २५ एमबीच्या पलीकडे जाते. समोरच्याची मर्यादा २५ची असेल, तर उत्तर येते ४१३: विनंती फार मोठी. अशा वेळी तेच पत्र पुन्हा पाठवणारे सॉफ्टवेअर मला निव्वळ हट्टी वाटते. दहा वेळा पाठवले तरी वजन तेच. उपाय तुकड्यांचा. मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयमध्ये ३ एमबीहून मोठे जोडपत्र वेगळे सत्र उघडून तुकड्यातुकड्याने चढवावे लागते. गूगलच्या पद्धतीत तुकडा २५६ केबीच्या पटीत हवा. लाइन मध्येच गेली तर कुठवर पोचले ते विचारायचे आणि तिथून पुढे सुरू करायचे.

वेळेचे प्रकरण जास्त फसवे. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर २४ एमबीला किमान ९६ सेकंद लागतात. वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने ६० सेकंदांची मुदत ठेवली असेल तर तो मध्येच हात झटकतो. कोणी एकूण वेळ मोजतो, कोणी फक्त शांततेचा. हे आधी तपासलेले बरे. पण खरी मेख पुढेच आहे. ‘टाइमआउट’ याचा अर्थ उत्तर आले नाही, एवढाच. काम झाले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. पत्र पलीकडे व्यवस्थित नोंदले गेले आणि पोच तेवढी वाटेत हरवली, असे सर्रास घडते. सॉफ्टवेअर ‘फसले’ समजून पुन्हा पाठवते, आणि एका कर्जदाराची एकच नोटीस खात्यात तीनदा बसते. म्हणून प्रत्येक मेलच्या माथ्यावर असणारा मेसेज-आयडी वहीत टिपून ठेवायचा आणि फेरपाठवणीआधी तो पलीकडे आहे का, हे शोधायचे.

घाई केली की ४२९ येतो: विनंत्या फार झाल्या. शहागडकरांना हे समजावायला नको. वर पैठणला जायकवाडीचे २७ दरवाजे आहेत. धरण कितीही भरले तरी ते टप्प्याटप्प्याने उचलतात, कारण खाली गोदावरीचे पात्र किती पाणी पेलेल याला मर्यादा आहे. सर्व्हरही उत्तरासोबत अनेकदा किती सेकंद थांबायचे ते सांगतो. तेवढे थांबावे. सांगितले नसेल तर १, २, ४, ८ सेकंद अशी विश्रांती दुप्पट करत न्यावी. १९७०च्या दशकातल्या इथरनेटपासून चालत आलेली ही युक्ती. तिच्यात थोडा यादृच्छिक फरकही घालतात, नाहीतर अडकलेले सगळे एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावतात.

एवढे करूनही काही पत्रे उरतात: मर्यादेत कशीच न बसणारी, काही अर्धवट खराब झालेली. त्यांची वेगळी यादी काढून जोडपत्रे दुसरीकडे ठेवावी लागतात. मग फोल्डरनिहाय दोन्हीकडची संख्या जुळवायची. ती जुळेपर्यंत जुने खाते बंद करायचे नाही, कंत्राटाची तारीख काहीही म्हणो.