धुराचा रंग ओळखा, मगच इंजिन खोला

विश्रांतवाडीतील गॅरेजवाल्या बांधवांचा हात तयार आहे. त्याला इंजिनाच्या शास्त्राची जोड हवी, असे आम्हाला वाटते. फोर-स्ट्रोक इंजिनात शोषण, दाब, स्फोट व निकास ही चार कामे क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात. बिघाड कुठे, हे बहुधा धूरच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. रिंगा व व्हॉल्व्ह सील तपासावेत. काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त. आधी एअर फिल्टर पाहावा. उगाच इंजिन खोलले, तर गिऱ्हाइकाचा पैसा आणि आपली पत दोन्ही जातात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ दुचाकींत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन व सेन्सर आले. म्हणून मुलांना गॅरेजबरोबर आयटीआयलाही घालावे.