इव्होचं 2.0 इंजिन 2.3 करायचं का? टर्बो गाडीतल्या ‘स्ट्रोकर’चं गणित

मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन 9. 2005 साली आलेली गाडी, आत 2 लिटरचं टर्बो इंजिन. मालक तिच्यातून रोज कामावर जातो आणि रविवारी घाटात फिरून येतो. एक दिवस इंजिनाच्या खालच्या बाजूने ठकठक आवाज यायला लागतो. बेअरिंग गेलंय, इंजिन उघडावं लागणार. आणि मग वर्कशॉपमधून एक प्रश्न हमखास येतो, “उघडतोच आहोत, तर स्ट्रोकर करून टाकायचं का?”

जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या इव्होच्या मालकांना हा प्रश्न नवा नाही. क्रँक, रॉड, पिस्टन नाहीतरी बदलायचेच आहेत, मग थोडे पैसे घालून पावणेतीनशे सीसी जास्तीचे मिळत असतील तर कुणाला नको आहेत? ऐकायला सौदा चांगला वाटतो. पण टर्बो इंजिनात सीसी वाढवण्याचं गणित साध्या इंजिनासारखं नसतं, आणि इथेच अनेकांचे पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

स्ट्रोकर म्हणजे नेमकं काय?

सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढं अंतर वर-खाली करतो, त्याला स्ट्रोक म्हणतात. इव्हो 1 ते इव्हो 9 या सगळ्या गाड्यांमध्ये मित्सुबिशीचं 4जी63 हे इंजिन आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास 85 मिमी आणि स्ट्रोक 88 मिमी, म्हणजे 1997 सीसी. याच घराण्यात 4जी64 नावाचं 2.4 लिटरचं इंजिन आहे, त्याचा स्ट्रोक 100 मिमी. हा 100 मिमीचा क्रँक 4जी63 च्या बिडाच्या ब्लॉकमध्ये बसवता येतो. ब्लॉक तोच, हेड तेच, फक्त पिस्टनचा प्रवास 12 मिमीने वाढला. हिशोब केला तर सुमारे 2270 सीसी होतात. बोलताना त्याला ‘2.3 स्ट्रोकर’ म्हणतात.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनात याचा फायदा सरळ असतो. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळता येतं. सिलिंडर मोठा झाला की हवा जास्त, म्हणून ताकद जास्त.

टर्बो इंजिन मात्र हवा फक्त ओढत नाही, तिच्यात हवा कोंबली जाते. 2 लिटरच्या इंजिनाला 1 बार बूस्ट दिला, की ढोबळमानाने ते 4 लिटरच्या इंजिनाएवढी हवा घेतं. आता हे बघा. 2.0 चं 2.3 केल्याने हवा साधारण साडेतेरा टक्के वाढते. तेवढीच हवा मूळ इंजिनात घालायची असेल, तर बूस्ट 1 बारवरून सुमारे 1.27 बारवर न्यावा लागतो. हवा जास्त दाबली की जास्त तापते, तो भाग वेगळा. पण टर्बोत आणि पेट्रोलच्या पुरवठ्यात तेवढी जागा शिल्लक असेल, तर हे काम लॅपटॉप लावून ट्यूनिंगमध्ये होतं. त्यासाठी क्रँक बदलायची गरज नाही.

मग स्ट्रोकर लोक करतात तरी कशाला?

खरा फायदा टर्बो भरण्याच्या आधी

कारण बूस्ट वाढवून जी हवा मिळते, ती टर्बो जागा झाल्यावरच मिळते. टर्बोचं चाक एक्झॉस्टच्या वायूवर फिरतं. मोठा टर्बो फिरवायला जास्त वायू लागतो, तो जमेपर्यंत पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असूनही गाडी ढिम्म असते. हा काळ ट्यूनिंगने थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

समजा, मोठा टर्बो लावलेलं 2.0 इंजिन साडेचार हजार आरपीएमला पूर्ण बूस्टवर येतं. 2.3 इंजिन तेवढाच वायू कागदावर चार हजारांच्या आतच तयार करतं. हा पाचशे-साडेपाचशे आरपीएमचा फरक लहान वाटतो, पण शहरात आणि घाटात गाडी नेमकी त्याच पट्ट्यात असते. ओव्हरटेक करताना एक गिअर खाली टाकावा लागतो की लागत नाही, एवढा तो फरक असतो. शिवाय बूस्ट येण्याआधीही 2.3 मध्ये थोडा जास्त टॉर्क असतोच.

म्हणजे टर्बो गाडीत स्ट्रोकर करण्याचं मुख्य कारण जास्तीची ताकद नसून लवकर मिळणारा टॉर्क हे आहे. मोठा टर्बो लावला आहे आणि गाडी रस्त्यावरच चालवायची आहे, अशा वेळी हा सौदा जमतो.

टर्बो कंपनीचाच ठेवायचा असेल, तर मात्र उत्तर जवळपास उलटं येतं. इव्होचा मूळ टर्बो तसाही लवकर भरतो. आणि प्रत्येक टर्बो मिनिटाला ठरावीक वजनाचीच हवा देऊ शकतो. ट्यूनर मंडळींचा ढोबळ हिशोब असा, की मिनिटाला एक किलो हवेमागे साधारण बावीस हॉर्सपॉवर. इंजिन मोठं केल्याने टर्बोची ही मर्यादा वाढत नाही, इंजिन तिथे फक्त आधी पोहोचतं. मूळ टर्बोवरचं 2.3 मधल्या पट्ट्यात झकास ओढतं आणि वर जाताना दम टाकतं. कमाल हॉर्सपॉवर बघून खूश होणाऱ्या माणसाने यावर पैसे घातले, तर डायनोवरचा कागद हातात आल्यावर तो नाराज होण्याचीच शक्यता जास्त.

वरच्या आरपीएमला मोजावी लागणारी किंमत

आता पिस्टनची बाजू. 88 मिमी स्ट्रोकवर 8000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर असतो. 100 मिमीवर तोच वेग 7000 च्या थोडं पुढेच गाठला जातो. दोन्ही इंजिनं 8000 ला फिरवली, तर लांब स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनला वरच्या टोकाला बसणारा हिसका सुमारे सतरा टक्क्यांनी वाढतो. रॉड 150 मिमीचाच ठेवला तर तो जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त घासतो. चार सिलिंडरच्या इंजिनात असणारी बारीक थरथर त्याच आरपीएमला एकोणतीस टक्क्यांच्या आसपास वाढते. त्यात अनेक बिल्डर बॅलन्स शाफ्टही काढून टाकतात, त्यामुळे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत ती सीटपर्यंत जाणवते. रोज गाडी चालवणाऱ्याने याचा विचार आधीच केलेला बरा.

पिस्टनही साधे चालत नाहीत. स्ट्रोक 12 मिमीने वाढला म्हणजे पिस्टन 6 मिमी जास्त वर येणार. रॉड तोच असेल तर पिस्टनमधली पिन 6 मिमी वर सरकवावी लागते, आणि रिंगांसाठी जागा कमी उरते. पिस्टनच्या माथ्याचा खळगाही जास्त खोल लागतो. इव्हो 9 चं कॉम्प्रेशन 8.8 ला 1 आहे. माथा तसाच ठेवून फक्त स्ट्रोक वाढवला, तर ते 9.8 च्या पुढे जातं. पंपावरचं पेट्रोल आणि भरपूर बूस्ट असताना ही नॉकिंगला दिलेली सोयच म्हणायची. म्हणून कुठूनतरी स्वस्तात मिळालेला क्रँक जुन्या रॉड-पिस्टनसोबत जुळवून घेण्याचे बेत महागात पडतात.

बरेच जण खालच्या टॉर्ककडेही दुर्लक्ष करतात. रॉड वाकतो तो बहुधा सिलिंडरमधल्या दाबाने, आणि हा दाब टॉर्कसोबत वाढतो. तीन-साडेतीन हजारांवर आलेला भरघोस टॉर्क पुढे क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियललाही झेलावा लागतो. इंजिनाच्या कोटेशनमध्ये क्लच नसेल, तर तो आकडा अपुरा आहे असं समजावं.

मग ठरवायचं कसं?

टर्बो कोणता आणि तो किती आरपीएमला भरतो, हा पहिला प्रश्न. गाडी आठवडाभर कोणत्या आरपीएममध्ये असते, हा दुसरा, आणि त्याचं उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा लॉग काढून बघितलेलं चांगलं. तिसरा प्रश्न इंजिन उघडायचंच आहे का, हा. व्यवस्थित चालणारं इंजिन केवळ स्ट्रोकरसाठी उघडणं क्वचितच परवडतं. 8000 च्या पलीकडे फिरवण्याची हौस असेल, तर 2.0 च ठेवून भक्कम रॉड-पिस्टन घालणारे बिल्डर आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मधला मार्ग म्हणून 94 मिमीचा क्रँकही वापरला जातो.

सुरुवातीच्या इव्होवर टर्बो मूळचाच असेल आणि तो बदलायचा बेत नसेल, तर 2.0 नीट बांधून घेणं शहाणपणाचं. मोठा टर्बो आधीच लागलेला असेल आणि मालक साडेचार हजारांपर्यंत वाट बघून कंटाळला असेल, तर बेअरिंग गेलं ही स्ट्रोकरसाठी बरी वेळ आहे.

भारतात नोंदणी झालेल्या गाडीवर असं काम करायचं असेल, तर मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 आडवं येतं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. इंजिनाची क्षमता आरसीवर लिहिलेली असते. ब्लॉक आणि त्यावरचा नंबर तोच असल्याने 2.3 झालेलं इंजिन बाहेरून ओळखू येत नाही, पण आरसीवर 1997 आणि आत 2270 हा फरक तसाच राहतो.