मधल्या फळीचा क्लायमॅक्स

आमच्या नगरकडच्या शाळेत फुटबॉल काढला, की प्रत्येकालाच पुढं राहून गोल मारायचा असतो. मध्ये खेळायला कुणी तयार होत नाही! म्हणून गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सची ही गोष्ट.

धेंपो क्लबचा आणि भारताचा हा मधल्या फळीतला खेळाडू. आता निवृत्त झालाय. समोरच्याचा चेंडू अडवायचा, आपल्या गड्याला द्यायचा, हे त्याचं काम. टाळ्या मात्र गोल मारणाऱ्याला!

जुलै २००८. हैदराबादला एएफसी चॅलेंज चषकात अफगाणिस्तानशी सामना होता. नव्वद मिनिटं संपली तरी गोल नाही. तेवढ्यात क्लायमॅक्सनंच गोल केला! पुढं अंतिम सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल मारले, भारतानं चषक जिंकला आणि २७ वर्षांनी, २०११ मध्ये, आशिया चषकात खेळला.

मग सांगा, उद्या मध्ये कोण उभं राहणार?