जॉर्ज इनचे सज्जे

लंडन ब्रिजच्या दक्षिणेला बरो हाय स्ट्रीटवर ‘जॉर्ज इन’ शोधावीच लागते. ही जुनी सराई रस्त्याला पाठमोरी नाही, पण समोरही नाही. फाटकातून आत शिरले की फरसबंदी चौक लागतो आणि उजव्या हाताला लांबट तीन मजली इमारत. तिच्या एका भागात वरच्या दोन्ही मजल्यांना लाकडी सज्जे आहेत.

हे सज्जे शोभेचे नव्हेत. खोल्यांकडे जाण्याची वाटच इथे घराबाहेर काढलेली आहे. जुन्या वाड्यात माडीवरची गॅलरी चौकाच्या कडेने जाते, तशी. खोलीचे दार सज्ज्यावर उघडे, आणि आपली गाडी जुंपली की नाही ते प्रवाशाला कठड्यावरून वाकून पाहता येई. गाडीवान आणि उतारू तळमजल्यावर वाट पाहत बसत.

मध्य लंडनमध्ये थेम्सवर १७५० पर्यंत लंडन ब्रिज हा एकच पूल होता. डोव्हर-कँटरबरीच्या रस्त्याची वाहतूक इथे तुंबे, म्हणून या रस्त्यावर सराया लागून लागून उभ्या राहिल्या. कवी चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू जिथून निघतात ती ‘टॅबर्ड’ सराईही शेजारचीच होती.

१६७६ च्या आगीत जॉर्ज जळाली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बांधली गेली. नदीपलीकडच्या शहरात १६६६ च्या आगीनंतर विटा-दगडांची सक्ती झाली होती. इथे मात्र पुन्हा लाकडी सज्जेच आले. मालकांना धंद्याची जुनी सोय सोडवली नसावी. याच सज्ज्यांतून शेक्सपिअरने नाटके पाहिली असे कुणी सांगितले, तर फक्त हसावे. तो १६१६ मध्येच वारला होता.

आगगाडी आली आणि घोडागाड्यांचे दिवस संपले. सराई ग्रेट नॉर्दर्न रेल्वेकडे गेली. या कंपनीने इथे मालाचे कोठार केले आणि १८८९ मध्ये उत्तरेची व मधली बाजू पाडून टाकली. चौक तेव्हापासून चौक राहिला नाही. उरलेली दक्षिण बाजू १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टला मिळाली. आता तिथे पब चालतो; पूर्वीच्या मुक्कामाच्या खोल्यांत जेवणाची टेबले आहेत.

वास्तू म्हणून ती अपुरीच आहे. तरीही घोडागाड्यांच्या काळातली सज्ज्यांची सराई लंडनमध्ये पाहायची, तर ही एकच शिल्लक आहे.