बाराव्या आकड्याची राखण

आमच्या ओपीडीत एकाच सकाळी पाच-सहा वसावे आणि तितकेच पाडवी येतात. नंदुरबार जिल्ह्यात यात नवल काही नाही. एकदा सिकलसेलची एक मुलगी अंगदुखीने कळवळत आली. जुना रिपोर्ट काही सापडेना. त्याच नावा-आडनावाच्या तिघी निघाल्या. शेवटी कळले, नोंदवहीत तिचा क्रमांक उतरवताना ४७ चे ७४ झाले होते. मुलीवर उपचार तर आम्ही लगेच सुरू केले, पण शोधाशोधीत अर्धा तास गेला.

अशी चूक स्वतःच पकडून देणारा एक क्रमांक आपल्याच जिल्ह्यात पहिल्यांदा वाटला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले.

आधारचे आकडे बारा. पहिला आकडा ० किंवा १ नसतो. पहिले अकरा आकडे कसेही येतात; त्यांवरून जात, गाव, वय काहीच कळत नाही. बारावा मात्र आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो. म्हणजे एकूण ८ हजार कोटी क्रमांक होऊ शकतात.

हा शेवटचा आकडा म्हणजे राखणदार. त्याची रीत डच गणितज्ञ याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. नुसती बेरीज करून चालत नाही, कारण ४ अधिक ७ आणि ७ अधिक ४ सारखेच. व्हेरहूफ यांनी पंचकोनाचा आधार घेतला. पुठ्ठ्याचा पंचकोन कापा, कोपऱ्यांना क्रमांक द्या. आधी फिरवून मग उलटा करा. नंतर आधी उलटा करून मग फिरवा. कोपरे वेगळ्या जागी येतात. इथे क्रमाला किंमत आहे. शिवाय आकडा कितव्या जागी आहे, त्यानुसार त्याचे रूपही बदलले जाते. या दोन्हींमुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटे पडले, तर हिशेब हमखास फसतो आणि तपासणी करणारा संगणक क्रमांक नाकारतो. दोन-तीन ठिकाणी चुका झाल्या, तर मात्र साधारण दहातली एक निसटू शकते.

पण राखणदार आकडे ओळखतो, माणूस ओळखत नाही. एकाचा बिनचूक क्रमांक दुसऱ्याच्या केसपेपरवर पडला, तर गणित गप्प बसते. रक्त चढवताना अशी चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून क्रमांक आठवणीतून सांगू नका. कार्ड पाहून चार-चार आकडे वाचा. सिकलसेलचे कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत आणा. आणि रक्ताची पिशवी लावण्याआधी सिस्टरने तुमचे नाव, वडिलांचे नाव, गाव पुन्हा विचारले, तर वैतागू नका. तेराव्या आकड्याचे काम तीच करत असते.